‘चुकलो साहेब’ म्हणजे गुन्हा कबूल नव्हे
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दरवर्षी या व्यासपीठावर संत साहित्य, आरोग्य, गुंतवणूक असे उपयोगी विषय होतात. यंदा कार्यवाहांनी मला धरले आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही सैन्यात वकील होतात ना? मग कोर्ट मार्शलवर बोला.” मी म्हटले, लोक आरतीला येतील आणि प्रसाद घेऊन पळतील. पण आपले जबलपूर छावणीचे गाव. इथे प्रत्येक दुसऱ्या घरात कोणी ना कोणी वर्दीतला किंवा फॅक्टरीतला आहे. तेव्हा विषय आपल्याच घरातला आहे, असे समजून अर्धा तास द्यावा.

कोर्ट मार्शल म्हटले की लोकांना सिनेमा आठवतो, नाहीतर नानावटी खटला. नानावटी नौदलात होते हे खरे, पण तो खटला कोर्ट मार्शल नव्हता. तो मुंबईच्या सेशन्स कोर्टात, ज्यूरीपुढे चालला. कोर्ट मार्शल हे सैन्याचे स्वतःचे न्यायालय. भूदलासाठी 1950 चा आर्मी ॲक्ट आहे. त्यात चार प्रकार सांगितले आहेत : जनरल, डिस्ट्रिक्ट, समरी जनरल आणि समरी. जनरलमध्ये निदान पाच अधिकारी बसतात, डिस्ट्रिक्टमध्ये निदान तीन. समरी कोर्ट मार्शलमध्ये मात्र पलटणीचा कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. शेजारी आणखी दोघे बसतात, पण त्यांना शपथ नसते आणि मतही नसते. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल किंवा त्याहून वरचा असेल तर तो जवानाला एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, नोकरीतून काढूही शकतो.

बाहेरच्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. पण सीमेवरच्या पलटणीला तारखांवर तारखा परवडत नाहीत. शिस्त मोडली तर तिथल्या तिथे निकाल लागावा लागतो. मी या पद्धतीचा विरोधक नाही, तिच्यातच माझी नोकरी गेली. म्हणूनच मला सांगायचे आहे की निकाल जितका झटपट, तितका तो दुसऱ्या कोणीतरी सावकाश वाचणे गरजेचे. आजच्या माझ्या बोलण्याचे सार एवढेच.

कायदा करणाऱ्यांनाही ही जाणीव होती. जनरल आणि डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलचा निकाल वरिष्ठ अधिकाऱ्याने कायम केल्याशिवाय वैधच होत नाही. हे कलम 153. तो अधिकारी फेरविचारासाठी फाईल एकदा परत पाठवू शकतो. शिक्षा झालेल्या माणसाला कलम 164 खाली निकाल कायम होण्याआधी आणि नंतरही अर्ज करता येतो. समरी कोर्ट मार्शलचा निकाल मात्र बहुधा लगेच अमलात येतो. त्याचे कागद नंतर कमांड मुख्यालयातल्या कायदा शाखेमार्फत वरच्या अधिकाऱ्याकडे जातात. प्रकरणाच्या गुणदोषांवरून त्याला तो खटला रद्द करता येतो किंवा शिक्षा कमी करता येते. केवळ तांत्रिक चूक पुरेशी नाही. हे कलम 162.

त्या कायदा शाखेत मी कॅप्टन म्हणून रुजू झालो तेव्हा टेबलावर फायलींचा ढीग असायचा. बहुतेक समरी खटले एकाच साच्यातले. आरोप रजा संपल्यावर उशिरा हजर झाल्याचा, जबाब ‘गुन्हा कबूल’, शिक्षा अमुक. आरोपी कबूलच करतो म्हटल्यावर वाचायचे काय? मी दिवसाला पाच-सहा फायली ‘शेरा नाही’ लिहून पुढे सरकवायचो. स्वतःला मोठा कार्यक्षम समजायचो.

एकदा अशीच एक फाईल आमच्या वरिष्ठ कर्नल साहेबांनी परत पाठवली. वर पेन्सिलीने एवढेच लिहिले होते, की शेवटचे पान वाच. शेवटच्या पानावर त्या जवानाचे शिक्षेपूर्वीचे निवेदन होते. चारच ओळी. आईला अर्धांग झाला, घरात दुसरे कोणी नव्हते, रजा वाढवून मिळावी म्हणून तार केली, उत्तर आले नाही, आई थोडी सावरल्यावर स्वतःहून हजर झालो. आणि शेवटी : चुकलो साहेब, माफी असावी.

मी कलम 39 पुन्हा काढले. रजेहून उशिरा येणे एवढ्यानेच गुन्हा होत नाही. ‘पुरेसे कारण नसताना’ उशिरा येणे हा गुन्हा. हा माणूस एकीकडे गुन्हा कबूल म्हणतो आणि दुसरीकडे कारण सांगतो. अशा वेळी नियम स्पष्ट आहेत. आरोपीला कबुलीचा अर्थ समजलेला नाही असे त्याच्या निवेदनावरून दिसले, तर कबुली बाजूला ठेवून ‘गुन्हा नाकबूल’ असे नोंदवायचे आणि पुरावा घेऊन खटला चालवायचा. इथे कोणी तार शोधली नव्हती, कोणी डॉक्टरचा कागद मागितला नव्हता.

मंडळी, आपल्याकडचा माणूस मोठ्यांपुढे उभा राहिला की आधी ‘चुकलो’ म्हणतो. ती रीत असते, आईबापांनी लावलेले वळण असते. त्या वळणाची आम्ही कबुली करून टाकली होती.

मी नवे टिपण लिहिले. खटला रद्द झाला, जवान नोकरीत परत आला. पण शिक्षा लगेच अमलात येते हे मघाशी सांगितलेच. फाईल आमच्या टेबलापर्यंत येऊन निकाल फिरेपर्यंत त्याने सात आठवडे कैद भोगली होती. ते दिवस त्याला कोणी परत दिले नाहीत. आणि त्याआधी मी ‘शेरा नाही’ लिहून पाठवलेल्या फायलींची शेवटची पाने मी वाचली होती का? खरे सांगतो, सगळी नाही. निवृत्तीनंतरही हा प्रश्न मला सोडत नाही.

वरिष्ठांनीही नीट वाचले नाही तर काय होते, त्याचे उदाहरण सुप्रीम कोर्टाच्या दप्तरात आहे. 1985 मध्ये रणजित ठाकूर नावाच्या सिग्नलमनने आपल्या कमांडिंग ऑफिसरविरुद्ध थेट वर तक्रार पाठवली. त्याबद्दल त्याला 28 दिवसांची सक्तमजुरी झाली. ती भोगत असताना त्याने जेवणाचा हुकूम मानला नाही, असा आरोप आला. दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट मार्शल झाले. न्यायासनावर कोण? ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच अधिकारी! शिक्षा : एक वर्ष कैद आणि बडतर्फी. वरिष्ठांकडे केलेला अर्जही फेटाळला गेला. 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळी कारवाई रद्द केली आणि त्याला सर्व आर्थिक लाभांसह परत घ्यायला लावले. कोर्टाने सांगितले की न्यायासनावर बसणाऱ्याबद्दल हरकत घेण्याची संधी आरोपीला दिलीच पाहिजे, आणि शिक्षा अपराधाच्या मानाने असावी.

पण जवानाने प्रत्येक वेळी दिल्लीपर्यंत कसे जायचे? पृथीपाल सिंग बेदी खटल्यात 1982 मध्येच सुप्रीम कोर्टाने खंत व्यक्त केली होती की कोर्ट मार्शलच्या निकालावर पुरावा तपासणारे एकही अपील नाही. पुढे 1999 मध्ये विधी आयोगानेही अपील न्यायाधिकरणाची शिफारस केली. कायदा झाला 2007 मध्ये, आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे उद्घाटन 8 ऑगस्ट 2009 रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. त्यात न्यायाधीशांच्या जोडीला सैन्यातला अनुभवी सदस्य बसतो. आज आपल्या जबलपुरातही त्याचे पीठ आहे. माझ्या त्या जवानाला आज तिथे दाद मागता आली असती.

तरी काही दारे अजून अरुंद आहेत. समरी कोर्ट मार्शलमध्ये बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद असेल तरच या न्यायाधिकरणाचे दार उघडते. सीमा सुरक्षा दलाची न्यायालये कोर्ट मार्शलसारखीच चालतात, पण त्या जवानांना हे न्यायाधिकरण नाही. त्यांना हायकोर्टातच जावे लागते. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्धही हायकोर्टात रिट करता येते, हे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले, हे चांगले झाले.

आपल्यापैकी कोणाच्या घरातला मुलगा वर्दीत असेल तर त्याला दोन गोष्टी जरूर सांगा. रजा वाढवायची तर लेखी कळवून त्याची पोच जपून ठेव. आणि कोणी ‘गुन्हा कबूल आहे का’ विचारले, तर सवयीने ‘हो साहेब’ म्हणू नकोस. कारण असेल तर ते आधी सांग.

शेवटी बाप्पाकडे येतो. व्यासांनी महाभारत सांगायचे आणि गणपतीने लिहायचे ठरले, तेव्हा व्यासांनी अट घातली की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. बुद्धीच्या देवालासुद्धा ही अट होती. मग दुसऱ्याच्या आयुष्याच्या कागदावर सही करणाऱ्या आपल्यासारख्यांना ती का नसावी? तुम्ही फॅक्टरीत चौकशीचा अहवाल लिहीत असा, शाळेत दाखल्यावर सही करत असा, बँकेत अर्ज फेटाळत असा. शेवटचे पान वाचल्याशिवाय सही करू नका.

मला ही अट उशिरा कळली. तुम्हाला ती आज इथूनच घेऊन जाता यावी.  आता आरतीची वेळ झाली.

गणपती बाप्पा मोरया!