मामांची बाहुली



आमच्या सावंतवाडीच्या घरात माजघरातल्या कपाटात एक लाकडी बाहुली होती. वीतभर उंचीची. हात नाहीत, पाय नाहीत. गोल डोकं आणि कमरेशी किंचित निमुळतं झालेलं धड. धडावर लाल शेवंतीची फुलं. माझे मामा बोटीवर होते. १९७० च्या सुमारास त्यांची बोट जपानात कोबे बंदराला लागली, तेव्हा आपल्या बहिणीसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी, त्यांनी ती आणली. तिची मान फिरवली की कुंई कुंई असा आवाज यायचा. आम्ही भावंडं त्या आवाजासाठी रांग लावायचो.

एका दिवाळीच्या साफसफाईत ती पडली आणि मान मोडली. सावंतवाडीला लाकडी खेळण्यांचं अप्रूप नाही. चितारआळीत पांगाऱ्याच्या लाकडाची फळं आणि भाज्या दुकानादुकानांत मांडलेल्या असतात. आईने बाहुलीचे दोन्ही तुकडे ओळखीच्या एका कातारी आजोबांकडे नेले. मानेचा मोडका खुंट धडातच अडकून राहिला होता. त्यांनी तो नखाने चाचपला आणि म्हणाले, "ही चिकटवलेली नाही. लाकूड फिरत असतानाच बसवलेली आहे. ज्याने केली त्याच्याकडेच न्या." पुढे घर बदलताना डोकं हरवलं. धड आईने जपून ठेवलं. त्याच्या तळाशी काळ्या शाईने काही जपानी अक्षरं लिहिलेली होती.

माझी मुलगी आता टोकियोत नोकरी करते. तिच्याकडे निघाले तेव्हा आईने ते धड जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "तसलीच मिळाली तर बघ," एवढंच म्हणाली. त्या बाहुलीला कोकेशी म्हणतात, इतकंच मला ठाऊक होतं.

मामांनी ती कोबेला घेतली, म्हणून मी आधी कोबेला गेले. तिथे कोकेशी पुष्कळ दिसल्या. मोठ्या डोळ्यांच्या, केस कोरलेल्या, नाना रंगांचे किमोनो घातलेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर ही नव्या धर्तीची कोकेशी फार लोकप्रिय झाली. ती करणारा आपल्या कल्पनेने हवा तो आकार देतो. दिसायला सुरेख, पण आमची ती नव्हे. शिवाय तिथे भेटलेल्या एका बाईंनी सांगितलं की कोकेशी म्हणजे गमावलेल्या मुलाची आठवण. 'को' म्हणजे मूल आणि 'केशी' म्हणजे पुसणं. ते ऐकल्यावर दोन दिवस मला पिशवीतल्या त्या धडाकडे पाहवेना. आईच्या कपाटात आम्ही इतकी वर्षं हे ठेवलं होतं?

शेवटी एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मी ते धड काउंटरवर ठेवलं. मालकीणबाईंनी त्याच्या खांद्यांवरून बोट फिरवलं, शेवंतीवर थांबल्या, आणि दोन बोटांनी हवेत मान पिळल्यासारखं करून तोंडाने "क्यू, क्यू" असा आवाज काढला. मग म्हणाल्या, "नारुको."

श्रोतेहो, नारुको हे गाव जपानच्या ईशान्येला, तोहोकु भागातल्या मियागी प्रांतात आहे, गरम पाण्याच्या झऱ्यांचं. कोबेपासून फार लांब. टोकियोहून शिंकानसेनने फुरुकावाला उतरायचं आणि तिथून डोंगराकडे जाणारी छोटी गाडी पकडायची. स्टेशनात पाऊल ठेवताच गंधकाचा वास येतो. आपल्या वज्रेश्वरीच्या, राजापूरच्या उन्हाळ्यावर गेलेल्यांना तिथे फार परकं वाटायचं नाही.

कोकेशी या झऱ्यांच्या काठचीच. तोहोकुत थंडी कडाक्याची. कापणी आटोपली की शेतकरी तांदूळ आणि भांडीकुंडी घेऊन गरम पाण्याच्या गावी जायचे, दोन-तीन आठवडे राहायचे, हातानेच रांधून खायचे आणि दुखरी हाडं शेकायचे. त्या गावांत लाकडी वाट्या, ताटं करणारे कातारी असत. उरल्या लाकडातून ते बाहुल्या कातायचे आणि आंघोळीला आलेली माणसं त्या घरच्या लेकरांसाठी न्यायची. ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. हात-पाय नाहीत, कारण ती कातून निघालेली वस्तू आहे, आणि पोरीच्या मुठीत नीट मावते. लाल रंगाने देवीचा रोग दूर राहतो अशीही तिकडे समजूत होती.

आणि ते मूल पुसण्याचं? गावाबाहेरच्या टेकडीवर कोकेशीचं संग्रहालय आहे. तिथे उलगडा झाला. गावोगावी या बाहुलीला निरनिराळी नावं होती. कुठे देको, कुठे होको, कुठे किदेको. 'कोकेशी' हे सगळ्यांचं एक नाव १९४० मध्ये संग्राहक आणि कारागीर नारुकोला जमले तेव्हा ठरलं. दुःखाचा तो अर्थ मागाहून कोणीतरी शब्दाची फोड करून चिकटवला. जुन्या नोंदींत त्याला आधार नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण ती गोष्ट आजही पर्यटकांना सांगितली जाते आणि ऐकणाऱ्याच्या मनातून लवकर जात नाही.

संग्रहालयात हजारो कोकेशी उभ्या आहेत. पहिल्या तासाला सगळ्या सारख्याच दिसल्या. दुसऱ्या तासाला डोळा तयार होऊ लागला. पारंपरिक कोकेशीची अकरा-बारा घराणी मानतात आणि प्रत्येक घराणं आपल्या झऱ्याच्या गावाशी बांधलेलं आहे. तोगात्ताच्या बाहुलीचं डोकं मोठं आणि त्यावर लाल किरणं. त्सुचियुच्या डोक्यावर एकात एक वर्तुळं. त्सुगारूची डोक्यासकट एकाच लाकडातून कातलेली, तिची मान फिरतच नाही. हानामाकीकडची एक तर बिनचेहऱ्याची, नुसतं पांढरं लाकूड, डोकं डुलणारं. तिला किनाकिना म्हणतात. आणि मान पिळली की बोलते ती नारुकोची. आपल्याकडे गायक दोन ताना घेतो न घेतो तोच जाणकार त्याचं घराणं सांगतात, तसंच हे.

गावातल्या रस्त्यावर कारागिरांची दुकानं आहेत. पुढे दुकान, मागे लेथ. मुलगी सोबत होती. एका वयस्क कारागिरांसमोर मी साडीचं बोचकं सोडलं. त्यांनी धड उलटं केलं, तळावरची अक्षरं वाचली आणि थोडा वेळ बोलले नाहीत. मग माझ्या मुलीला म्हणाले, यांना मी ओळखायचो. जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्यामागे कोणी हे काम धरलं नाही.

मी मुलीला म्हटलं, विचार, यावर नवं डोकं बसवून देतील का. तिने विचारलं. ते उठले आणि आम्हाला लेथजवळ घेऊन गेले. एक धड लावलं, मिझुकी नावाच्या झाडाच्या पांढऱ्या लाकडाचं. ते भरधाव फिरू लागल्यावर मानेच्या खुंटासकट डोकं हातात धरून त्यांनी धडाच्या भोकात दाबलं. खुंट भोकापेक्षा जाड. कर्कश आवाज झाला, घासून लाकूड तापलं, आणि एका क्षणी कट् करून मान आत बसली. लेथ थांबल्यावर त्यांनी ती माझ्यापुढे फिरवली. कुंई कुंई. मला चितारआळीतले ते आजोबा आठवले. जपान न पाहता, नुसत्या मोडक्या खुंटावरून त्यांनी हे ओळखलं होतं.

मग कारागीर म्हणाले, डोकं मी कातू शकतो. पण चेहरा माझ्या हातचा होईल आणि खाली सही त्यांची राहील. ते बरं नाही.

मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं. इथे नमुना गुरूकडून शिष्याकडे जातो. दुसऱ्याचा नमुना करायचा तर त्याच्या घरच्यांना विचारतात. डोळ्याची एक रेघ, ओठांचा एक ठिपका, यांत तो माणूस असतो. त्यांनी एका कागदावर सेंदाई शहरातल्या जुन्या कोकेशी विकणाऱ्या दुकानाचं नाव लिहून दिलं.

सेंदाईच्या त्या दुकानात भिंतभर कोकेशी होत्या. गेलेल्या संग्राहकांच्या घरांतून आलेल्या. आम्ही तळाची अक्षरं जुळवत बसलो. मुलगी वाचायची, मी आमच्या धडाशी ताडून बघायची. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या बेताला एक सापडली. सही तीच. कपाळावर तशीच बट, डोक्यावर लाल फितीची तीच गाठ. पण ही आमच्या बाहुलीहून लहान होती, आणि सहीच्या शेजारी एक आकडा होता, ८१. दुकानदारांनी सांगितलं, वय झालेले कारागीर सहीशेजारी आपलं वय लिहितात. तिच्या शेवंतीच्या पाकळ्या जरा थरथरलेल्या आहेत. आमच्या धडावरच्या पाकळ्या एका फटकाऱ्याच्या, भरदार. दोन्ही शेजारी ठेवल्या तेव्हा एकाच हाताची मधली वर्षं मला दिसली.

दोन्ही त्याच साडीच्या तुकड्यात गुंडाळून मी घरी आणल्या. आईने नवी हातात घेतली, चेहऱ्यावरून अंगठा फिरवला, कानाजवळ नेऊन मान पिळली. पुन्हा पिळली. मग म्हणाली, "हिचो आवाज बारीक आसा. तिचो जाड होतो."