पंचांची शिट्टी आणि पालकांचा आवाज

श्रोतेहो, 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण आपल्याला नवी नाही. बांधाचा तंटा असो की सोयरिकीचा, पाच जाणती माणसे बसली आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली की ती मानायची, अशी ती रीत. मैदानावरचा 'पंच' हा शब्द त्याच घराण्यातला. कबड्डीत आणि खो-खोत तर मुख्य पंचाला आपण 'सरपंच'च म्हणतो. फरक एवढाच, की गावच्या पंचांना विचार करायला रात्र मिळे, साक्षीपुरावे घेता येत. मैदानावरच्या पंचाला डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शिट्टी फुंकावी लागते. आणि साक्षीदार म्हणून सभोवार उभे कोण? तर खेळणाऱ्या लेकरांचे आईबाप!

मी महाविद्यालयात शिकवतो, पण माझा विषय खेळाचा नव्हे. तेव्हा हे तज्ज्ञाचे भाषण नाही, एका बापाचे बोलणे आहे. माझी मुलगी हायस्कूलमध्ये नववीत आहे, कबड्डीच्या संघात चढाईला जाते. गेली तीन वर्षे मी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या सामन्यांना जाऊन उभा राहतो. शालेय स्पर्धांची उतरंड आपल्याला ठाऊक आहेच: आधी तालुका, मग जिल्हा, मग छत्रपती संभाजीनगर विभाग, मग राज्य. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे असे वयाचे गट. आपल्या जालना जिल्ह्यात आठ तालुके; म्हणजे भोकरदनची मुलगी असो की घनसावंगीची, राज्याच्या मैदानापर्यंत पोचायला तिला तीन ठिकाणी जिंकून यावे लागते, आणि वाटेत एकदा हरली की तिचे ते वर्ष संपले.

या स्पर्धा येतात पावसाळा सरता सरता. सोयाबीन काढणीला आलेले, मजूर मिळत नाहीत, तरी बाप मोटारसायकलला किक मारून येतो. तो उगाच येत नाही. ठराविक स्तरापर्यंत खेळलेल्या विद्यार्थ्याला दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. पोलीस भरतीचे स्वप्न तर घरोघरी आहे. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू आणि तीन भाऊ, तिथे क्रीडा प्रमाणपत्राचा कागद हा सातबाऱ्याइतकाच जपून ठेवायचा कागद असतो. अशा वेळी पंचाची शिट्टी त्याला नुसती शिट्टी वाटत नाही, आपल्या लेकराच्या भाकरीवर कुणी हात ठेवला असे वाटते. शहरातली सुशिक्षित मंडळी अशा पालकांना 'खिलाडूवृत्ती नाही' म्हणून नाके मुरडतात. मला ते पटत नाही. पणाला काहीच लागले नसले म्हणजे खिलाडूवृत्ती फार स्वस्त पडते.

पण राग समजला म्हणजे रागाचे बोट योग्य ठिकाणी आहे असे नव्हे. एक उदाहरण देतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याने समोरच्या अंगणातली निदान रेषा एकदा तरी ओलांडली पाहिजे, किंवा त्याआधी गडी तरी शिवला पाहिजे. नाहीतर तो बाद. ही रेषा पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर असते, मुलींच्या मैदानात तीन मीटरवर. आता ओलांडणे म्हणजे काय? दोन्ही पाय पलीकडे टेकायला हवेत असे निम्म्या पालकांना वाटते. हात पलीकडे नेला की झाले, असे उरलेल्यांना वाटते. नियम दोहोंहून वेगळा आहे. त्या क्षणी शरीराचा जो भाग जमिनीला टेकलेला असेल, तो सगळा रेषेच्या पलीकडे हवा. म्हणजे एक पाय पलीकडे टेकला आणि मागचा पाय हवेत असला, तरी ओलांडणे पुरे झाले. मागच्या पायाचा अंगठा जमिनीला चिकटलेला राहिला, तर नाही. सगळा निवाडा त्या अंगठ्यावर! बोनस गुणाचेही असेच आहे. आणि हा अंगठा नीट दिसतो फक्त रेषेच्या अगदी सरळ टोकाशी उभा राहणाऱ्याला, म्हणजे त्या बाजूच्या पंचाला. मागे कडुनिंबाच्या सावलीत बसलेल्या आपल्याला तो दिसणे शक्यच नाही. पण "आवं पंच, दिसंना का तुम्हाला?" ही आरोळी मात्र नेमकी त्या सावलीतूनच येते.

आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल. निर्णय झाला की चित्रफीत पुढे होते: "हे बघा सर, पाय पुढं आहे." चित्रफीत तिरकस कोनातून घेतलेली असते; हवेतला पाय त्या कोनातून रेषेच्या पुढे दिसतो, मागे असूनही. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत कॅमेरे जागा मोजून बसवलेले असतात, म्हणून तिथे पुन्हा पाहण्याला अर्थ आहे. बापाच्या थरथरत्या हातातला कॅमेरा हा पुरावा नव्हे, ती फार तर बापाची बाजू झाली.

बरे, रेषा तरी असते का? आपली जमीन काळी. सकाळी फक्कीने आखलेल्या रेषा दोन सामन्यांत पायांखाली पुसल्या जातात. मध्येच एक सर आली की फक्की आणि चिखल एक होतो. मग पंच कल्पनेने रेषा पाहतो आणि आपण कल्पनेनेच तिच्यावर वाद घालतो. दर दोन सामन्यांनी फक्की मारायला एक माणूस नेमला, तर निम्मी भांडणे होणारच नाहीत, असे माझे प्रामाणिक मत आहे.

खो-खोचीही हीच कथा. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खुंटापर्यंत ती बदलायची नाही, पण खांदा कुठवर वळला म्हणजे दिशा बदलली, हे ठरवायला पंचाजवळ क्षणभराहून जास्त वेळ नसतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाला पहिले नियम बांधून दिले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत त्याचा पहिला विश्वचषक होऊन भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही चषक जिंकले. एवढा प्रवास झाला, पण पंचाच्या वाट्याचा क्षण काही वाढला नाही.

आपल्या जालन्याने मोठी स्पर्धा जवळून पाहिली आहे. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी इथे झाली. बुलढाण्याच्या बाला रफिक शेखने आदल्या वर्षीच्या विजेत्या अभिजित कटकेला गुणांवर हरवून गदा घेतली. आमच्या घरातली मुलेही ती कुस्ती आठवतात. पण त्याच मुलांनी २ फेब्रुवारी २०२५ ची अहिल्यानगरची महाराष्ट्र केसरीही मोबाइलवर पाहिली. गादी गटाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ विजयी झाल्याचा निर्णय शिवराज राक्षेला मान्य नव्हता. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत असे त्याचे म्हणणे. त्याने पंचाला लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडही निर्णयावरून आखाडा सोडून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. खांदे टेकले की नाही, यावर जाणकारांतही वाद झाला, आणि तो गैर नव्हता. पण दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली पोरे वाद घालत नव्हती. ती लाथेची नक्कल करीत होती.

आता जे मला खरोखर सलते ते सांगतो. माझ्या मुलीच्या संघात एक मुलगी होती, डाव्या कोपऱ्यावर पकड करणारी. घोटा धरला की सुटायचा नाही. एका सामन्यात शेवटच्या मिनिटाला तिची पकड पंचांनी ग्राह्य धरली नाही. पकडताना तिचा पाय सीमारेषेबाहेर गेला होता, असे त्यांचे म्हणणे. संघ एका गुणाने हरला. तिचे वडील काढणीचे काम टाकून आले होते. ते ओरडले नाहीत, कुणाच्या अंगावर गेले नाहीत. मुलीला म्हणाले, "बास झालं आता. सगळं आधीच ठरलेलं असतंय." त्यानंतर ती सरावाला आली नाही. पाय बाहेर गेला होता की नव्हता, मला ठाऊक नाही. पण तिचा खेळ त्या शिट्टीने थांबला नाही, त्या वाक्याने थांबला. आणि खेड्यातल्या मुलीचा खेळ एकदा थांबला की तो पुन्हा सुरू करायला घरात कुणी आग्रह धरीत नाही, हे आपण सगळे जाणतो.

"सगळं ठरलेलं असतंय" हे वाक्य हवेतून मात्र येत नाही. तालुक्याच्या सामन्याला पंच कोण असतात? बहुतेक ठिकाणी इतर शाळांचेच शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. सकाळी स्वतःचा संघ घेऊन यायचे, दुपारी दुसऱ्यांच्या सामन्यात शिट्टी घ्यायची, आणि त्या सामन्यात जो जिंकेल त्याच्याशी संध्याकाळी स्वतःच्या संघाची गाठ! माणूस कितीही सरळ असो, त्याला अशा जागी उभे करणे हा त्याच्यावरच अन्याय आहे. नियमाप्रमाणे कबड्डीला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन साहाय्यक गुणलेखक लागतात. मी पाहिलेल्या कित्येक सामन्यांत सगळे मिळून तीन माणसे होती. त्यातला एक दिवसभर उन्हात उभा राहून संध्याकाळी इतका थकलेला, की त्याची शिट्टीसुद्धा घोगरी झालेली.

आणि पालक मंडळी, आपलेही एक दुटप्पी वागणे आहे. पंचाचा एक निर्णय चुकला तर आपण आभाळ डोक्यावर घेतो. पण आपल्याच संघात सतराखालच्या गटात चांगल्या मिशा फुटलेला गडी उभा असतो, तेव्हा त्याच्या जन्मतारखेचा दाखला कुणी मागत नाही. तो शेजारच्या संघात असला की मात्र आपल्याला नियम आठवतो. वयाबद्दल किंवा नियमाच्या अर्थाबद्दल हरकत घ्यायची तर तिची रीत आहे: संघनायकाने किंवा व्यवस्थापकाने, ठरलेल्या मुदतीत, लेखी, फी भरून. ती हरकत घेतलेली मी फार क्वचित पाहिली. ओरडायला फी पडत नाही ना!

शिक्षक बंधुभगिनींनो, दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. हंगामाआधी एका संध्याकाळी पालकांना मैदानावर बोलवा, आणि निदान रेषा, बोनस, सीमारेषा मुलींकडूनच करवून दाखवा. माझ्या मुलीने मला अंगणात खडूने रेघ ओढून हा नियम शिकवला, तेव्हा तो दहा मिनिटांत कळला. दुसरी गोष्ट, तालुक्याच्या क्रीडा शिक्षकांची बैठक होईल तेव्हा एवढा मुद्दा जरूर मांडा, की निदान शेवटच्या फेऱ्यांना तरी पंच शेजारच्या तालुक्यातून यावेत. मंठ्याच्या सामन्यांना परतूरचे शिक्षक, परतूरला मंठ्याचे. आलेल्या माणसाला एस. टी. चे भाडे, दुपारचे जेवण आणि उभे राहायला सावली द्यावी. जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला शेजारच्या जिल्ह्यातून पंच आणता आले तर उत्तमच, पण सुरुवात मंठा-परतूरपासून करायला काही हरकत नाही, एस. टी. रोजच जाते.