हृदयाची नवी झडप



विहिरीवर पंप बसवलेल्या शेतकऱ्याला हृदयाची झडप समजावून सांगताना मला फारसे सायास पडत नाहीत. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. आमच्या खेड्यापाड्यांतून त्याला सरसकट ‘फुटबॉल’ म्हणतात. पाणी वर जाऊ द्यायचे, पण मागे परतू द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. तो गळू लागला की पंप नुसता घरघरत राहतो, आणि त्याची जाळी गाळाने तुंबली की पाण्याची धार बारीक होते. आपल्या हृदयात अशा चार झडपा आहेत, आणि त्या दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा उघडतात आणि मिटतात. झडपेचे दुखणे दोनच प्रकारचे. एक तर ती गळते, नाही तर ती अरुंद होते. एकाच झडपेने दोन्ही दोष पत्करल्याचेही आम्ही पाहतो.

आपल्याकडे तरुण वयात झडप खराब होण्याचे मोठे कारण म्हणजे लहानपणी येऊन गेलेला सांध्यांचा ताप, डॉक्टरी भाषेत र्‍हुमॅटिक ताप. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूने धरतो, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे सुजतात, ताप येतो. सांधे पुढे बरे होतात, घरचे विसरूनही जातात. पण या तापाची खूण झडपेवर राहून जाते. दाट वस्तीतल्या, एका खोलीत आठ माणसे झोपणाऱ्या घरांत हा आजार जास्त, हे वेगळे सांगायला नको. मग विशी-पंचविशीत जिना चढताना धाप लागू लागते, रात्री उशाखाली एकाच्या दोन आणि दोनाच्या तीन उशा होतात. पुष्कळ बायकांचा हा आजार पहिल्या गरोदरपणातच उघडकीस येतो, कारण त्या काळात हृदयावर कामाचा बोजा एकदम वाढतो.

प्रत्येक खराब झडप बदलावीच लागते असे नाही, बरं का. झडप नुसती अरुंद असेल आणि तिच्या पाकळ्या अजून लवचिक असतील, तर जांघेतल्या शिरेवाटे फुगा नेऊन ती मोकळी करता येते. जपानचे शल्यविशारद कांजी इनोउए यांनी 1980 च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत आपल्याकडे फार उपयोगी पडली. काही झडपा शिवून, सांधून दुरुस्त होतात. आणि जिथे यांपैकी काहीच शक्य नसते तिथे नवी झडप बसवायची. 1960 साली अमेरिकेतल्या पोर्टलंड गावी डॉ. अल्बर्ट स्टार यांनी लोवेल एडवर्ड्स या इंजिनिअराच्या मदतीने पिंजऱ्यातल्या चेंडूसारखी एक झडप तयार करून ती रुग्णाच्या हृदयात बसवली. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबकडीची देशी झडप घडवली. ती 1990 च्या डिसेंबरात प्रथम माणसाला बसवण्यात आली. परदेशी झडपेची किंमत ऐकून घरी परत जाणाऱ्या माणसांसाठी ती किती मोठी गोष्ट होती, हे ज्यांनी तो काळ पाहिला त्यांनाच कळेल.

आता मुख्य प्रश्न, कोणती झडप बसवायची? झडपा दोन जातींच्या. एक यांत्रिक, म्हणजे धातू आणि विशिष्ट प्रकारच्या कठीण कार्बनची. ती टिकते, बहुतेकांना जन्मभर पुरते. पण तिच्यावर रक्त साकळू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. दुसरी प्राणिज, म्हणजे गाईच्या हृदयावरणाची किंवा डुकराच्या झडपेपासून केलेली. तिला बहुधा ती जन्माची गोळी लागत नाही, पण ती दहा-पंधरा वर्षांत झिजते आणि तरुण माणसात त्याहून लवकर. झिजली की पुन्हा शस्त्रक्रिया. म्हाताऱ्या माणसाला प्राणिज झडप सहसा सोयीची. ज्यांच्या धर्मभावनेला यातले काही रुचणार नाही त्यांनी संकोच न करता ते आधी डॉक्टरांना सांगावे. शस्त्रक्रिया झाल्यावर ती चर्चा करून उपयोग नसतो.

पण बावीस-चोवीस वर्षांच्या मुलीचे काय? यांत्रिक झडप बसवली तर ती जी गोळी घेणार, ती गर्भधारणेच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या घडणीत व्यंग आणू शकते. आणि बाळासाठी म्हणून तिने आपल्या मनाने गोळी थांबवली तर झडपेवर रक्त साकळून तिचाच जीव जातो. प्राणिज झडप बसवली तर बाळंतपण तुलनेने सोपे, पण पुढे केव्हा तरी, मूल शाळेत जात असताना, दुसऱ्यांदा छाती उघडावी लागणार. दोन्ही वाटा धड नाहीत. यातली कोणती पत्करायची हे ठरवताना मी काय पाहतो? वडील बोलतात, नवरा बोलतो, सासरे बोलतात, गावाहून आलेले कुणी पुढारी बोलतात. आणि जिच्या छातीत ती झडप बसायची ती मुलगी खाटेवर खाली मान घालून बसलेली असते. माझे मत स्पष्ट आहे. सर्वांना बाहेर पाठवून तिच्याशी आधी बोलले पाहिजे, तिला दोन्ही बाजू समजतील अशा भाषेत सांगितल्या पाहिजेत, आणि ती काय म्हणते ते ऐकले पाहिजे. यांत्रिक झडप असूनही नीट देखरेखीखाली बाळंतपणे पार पडतात. मात्र दिवस जाण्याच्या आधी डॉक्टरांना विचारायचे, नंतर नव्हे.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की घरचे लोक पैशाच्या, कागदपत्रांच्या आणि रेशनकार्डाच्या मागे लागतात. ते आवश्यकच आहे. सरकारी आरोग्य योजनेतून हा खर्च भागू शकतो, त्याची चौकशी इस्पितळातच करावी. पण रोग्याच्या स्वतःच्या तयारीला दातांपासून सुरुवात होते, हे ऐकून लोक चकित होतात. किडलेल्या दाताच्या मुळाशी असलेले जंतू रक्तात उतरतात आणि नव्या झडपेवर ठाण मांडतात. तिथून त्यांना हुसकणे महाकठीण. म्हणून दात आधी दाखवायचे, काढायचे ते काढायचे, हिरड्या भरून येऊ द्यायच्या आणि मग शस्त्रक्रिया. तंबाखू आणि विडी निदान महिनाभर आधी सुटलीच पाहिजे. इथे आमची एक अडचण होते. “तंबाखू खाता का?” असे विचारले की आजीबाई ठामपणे “नाही” म्हणतात आणि मशेरीची डबी मात्र कनवटीला असते! मशेरी म्हणजे तंबाखूच, आजी. भाजली म्हणून तिचा गुण जात नाही.

इस्पितळात तीन चेंडूंचे एक प्लॅस्टिकचे यंत्र देतात, श्वास आत ओढून ते चेंडू वर उचलायचे असतात. पोरखेळ वाटतो, पण शस्त्रक्रियेनंतर दुखत्या छातीने हे शिकणे कठीण. ज्याने आधी आठ दिवस सराव केला त्याची फुप्फुसे लवकर मोकळी होतात. चालू असलेली सगळी औषधे सांगावीत, त्यांत वैद्याची पुडी आणि शेजारणीने दिलेला काढाही आला. आदल्या रात्री जंतुनाशक साबणाने स्नान, ठरल्या वेळेनंतर पोटात काही नाही. नखांवरची मेंदी किंवा रंग नको, कारण बोटाला लावलेले यंत्र नखातून प्राणवायूचे प्रमाण वाचते. आणि मंगळसूत्र काढावे लागते. यावर रडारड झालेली मी अनेकदा पाहिली आहे. ते आदल्या दिवशी, घरात, सासूच्या किंवा आईच्या हाती सुखाने दिले तर शस्त्रक्रियागृहाच्या दारात ऐनवेळी तो प्रसंग येत नाही.

शस्त्रक्रियेचे वर्णन मी लांबवीत नाही. छातीचे मधले हाड उभे कापतात, हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम काही काळ यंत्राकडे सोपवतात, हृदय थांबवतात, जुनी झडप काढून नवी शिवतात. चार-पाच तास लागतात. रोग्याला यातले काही कळत नाही. त्याच्या कसोटीची सुरुवात जाग आल्यावर होते. घशात नळी असते, त्यामुळे बोलता येत नाही. नळी ओढली जाऊ नये म्हणून हात सैलसे बांधलेले असू शकतात. छातीतून नळ्या बाहेर आलेल्या असतात. हे आधी सांगितलेले असले की माणूस शांत राहतो. नसले तर आपली वाचाच गेली असे त्याला वाटते. तेव्हा खुणा आधीच ठरवून ठेवाव्यात, तहान लागली तर काय, दुखले तर काय. बहुतेकांची नळी एका दिवसात निघते. एखादा वयस्क रोगी रात्री भलतेच बोलतो, घरच्यांना ओळखत नाही. नातेवाईक घाबरून जातात, पण हा भ्रम बहुधा दोन-चार दिवसांत ओसरतो.

सारे सुरळीत असले तर आठ-दहा दिवसांत रोगी घरी येतो, आणि इथून पुढचे काम आमच्या हातून सुटून आपल्या हाती येते. कापलेले हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरते मजबूत व्हायला तीन महिने. तोवर चार-पाच किलोंवर वजन उचलायचे नाही, उठताना हातांवर जोर द्यायचा नाही, स्कूटर चालवायची नाही, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरून खोकायचे. चालणे मात्र रोज, आज अंगणापर्यंत, उद्या कोपऱ्यापर्यंत.

‘हलके काम करायला हरकत नाही’ असे आम्ही कागदावर लिहून देतो. हा शब्द फार फसवा आहे हो! पुरुषाच्या बाबतीत हलके काम म्हणजे खुर्चीत बसून पेपर वाचणे. बाईच्या बाबतीत घरात त्याचा अर्थ होतो भाकऱ्या थापणे, कपडे पिळणे, पाण्याची कळशी आणि कडेवर घेतलेले पोर. यातले एकही हलके नाही. भरली कळशी सहज आठ-दहा किलोंची भरते. म्हणून मी आता कागदावर हलके-जड लिहीत नाही. कळशी नको, कडेवर मूल नको, पिळे नकोत, परात नको, असे नाव घेऊन लिहितो आणि तो कागद सासूबाईंना वाचून दाखवतो. मुलाला बसल्याजागी मांडीवर घ्यावे, कुणी तरी उचलून द्यावे.

पहिल्या काही आठवड्यांत तोंडाला चव नसते, झोप तुटक लागते, आणि कारण नसताना डोळे भरून येतात. रांगडे गडीसुद्धा रडतात. “एवढा खर्च केला आणि हा रडतो” असे म्हणू नये. बहुतेकांचे हे आपोआप निवळते. महिना-दीड महिन्यात निवळले नाही तर डॉक्टरांना सांगावे.

आणि आता ती गोळी. यांत्रिक झडप बसवलेल्या माणसाच्या जिवाला सर्वांत मोठा धोका असतो तो त्याला बरे वाटू लागल्यावर. वर्ष होते, धाप जाते, माणूस शेतात जाऊ लागतो, आणि म्हणतो, “मला आता काय झालंय? कशाला रोज गोळ्या गिळायच्या?” गोळी बंद होते, झडपेवर रक्त साकळते, आणि एक दिवस तोंड वाकडे होऊन किंवा धाप लागून तो परत येतो, आला तर. तरुण मुलींची कथा याहून वेगळी. छातीवरचा व्रण आणि आजार लपवून लग्न जमवतात, मग सासरी गोळी लपवून घ्यावी लागते, आणि लपवून घ्यायची गोळी फार दिवस घेतली जात नाही. आईवडिलांना माझे हात जोडून सांगणे आहे की, स्थळ मोडले तरी चालेल, पण सांगून लग्न करा.

गोळी रोज एकाच वेळी, शक्यतो संध्याकाळी. चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. रक्त किती पातळ आहे हे आय.एन.आर. नावाच्या तपासणीने कळते. झडप कोणती आणि कुठे बसवली आहे त्यावरून हा आकडा किती हवा ते ठरते, बहुधा दोन ते साडेतीनच्या दरम्यान. आपला आकडा आपल्याला आपल्या जन्मतारखेसारखा पाठ हवा. तालुक्याला जाऊन रक्त द्यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, हे मला ठाऊक आहे. तरीही ती तपासणी चुकवू नये. ज्यांना अशी तपासणी लागत नाही अशा नव्या गोळ्या बाजारात आल्या आहेत, पण यांत्रिक झडपेला त्या चालत नाहीत. कुणी बदलून दिल्या तर घेऊ नका.

मेथी, पालक, कोथिंबीर या हिरव्या भाज्यांत या गोळीच्या उलट काम करणारे जीवनसत्त्व असते. म्हणून त्या वर्ज्य करायच्या नाहीत, फक्त मापात सातत्य हवे. एरवी आठवड्यातून दोनदा खाणाऱ्याने एकदम रोज खाऊ नयेत. नवरात्राचे नऊ उपास धरले तरी आकडा हलतो, तेव्हा आधी विचारावे. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नये, कमरेत इंजेक्शन घेण्यापूर्वी आणि दात काढण्यापूर्वी झडपेचे कार्ड दाखवावे. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, डोक्याला मार, थंडी वाजून ताप, दोन दिवसांत वजन दीड-दोन किलो वाढणे, यांतले काहीही झाले तरी त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

यांत्रिक झडप वाजते. रात्री घर निजले की उशीवर डोके ठेवलेल्या माणसाला ती टिक् टिक् ऐकू येते; कधी शेजारी झोपलेल्यालाही येते. पहिले काही दिवस झोप उडते, मग सवय होते. ती सवय होऊ द्यावी, पण आवाजाकडे अगदी दुर्लक्ष करू नये. रोज खणखणीत येणारा आवाज एकाएकी दबका झाला किंवा बंद पडला, तर सकाळची वाट न पाहता निघावे.

शेवटी एक गोष्ट, जी घरोघर राहून जाते. सांध्यांच्या तापासाठी दर तीन आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन, झडप बदलली म्हणून थांबवायचे नसते. बदलली आहे ती एक झडप. बाकीच्या तीन अजून आपल्याच आहेत. ते किती वर्षे चालू ठेवायचे हे डॉक्टर सांगतील. मात्र रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना हे इंजेक्शन कसे आणि कुठे द्यायचे हे त्यांच्याकडून कार्डावर लिहून घ्यावे, आणि गावातल्या कंपाउंडरला ते कार्ड दर खेपेला दाखवावे.