बाईंचं यंत्र

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला माझ्या सॉफ्टवेअरच्या नोकरीविषयी बोलायला सांगितलं होतं. त्यांची माफी मागून मी आज कानाविषयी बोलणार आहे. कारण आपल्या विज्ञानाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

नववीत बाईंनी फळ्यावर कानाची आकृती काढली होती, आठवते? कानाचा पडदा, त्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यांत लहान हाड. तिच्यापुढे गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेटोळ्यांची नळी. आपण आकृतीला नावं दिली, पाचपैकी पाच गुण घेतले आणि त्याच तासाला बाईंची थट्टा केली.

बाईंच्या पदराआड काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र असायचं, त्याची वायर कानात गेलेली. आपल्यापैकी काही जण उत्तर देताना नुसते ओठ हलवायचे. बाई गोंधळून यंत्राची कळ फिरवून आवाज वाढवायच्या, आणि मग सगळा वर्ग एकदम ओरडायचा. बाई दचकायच्या. आपण हसायचो. ओठ हलवणाऱ्यांत मी होते.

आता पुढचं सांगते. चार वर्षांपूर्वी मीटिंगमध्ये लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी माझी तक्रार सुरू झाली. घरी मुलगी म्हणायची, "आई, तू सारखं 'काय?' का विचारतेस?" मी दोन वर्षं टाळाटाळ केली. शेवटी तपासणीला गेले. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बसवतात. बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटणच दाबलं नाही. मला वाटलं, शिट्टी अजून वाजायचीच आहे.

त्या शंखाच्या नळीत, एका कानात सुमारे पंधरा हजार रोमपेशी असतात. आवाजाच्या लाटेनं त्यांच्यावरचे सूक्ष्म केस वाकतात, त्यातून विजेचा संकेत तयार होतो आणि मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातो. नळीच्या तोंडाशी उंच पट्टीचे आवाज ओळखले जातात, आतल्या टोकाशी खर्जातले. झीज बहुधा तोंडाकडून सुरू होते. आणि भाषेतले स, श, फ, थ यांसारखे आवाज नेमके उंच पट्टीतले. म्हणून आधी स्वर नाही, व्यंजनं हरवतात. 'सात' म्हटलं की 'आत' ऐकू येतं. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. समोरचा ओरडला तर स्वरच मोठे होतात, हरवलेला 'स' काही परत येत नाही. शिवाय अशा कानाला हळू आवाज पोचत नाही, पण मोठा आवाज मात्र एकदम बोचतो. बाई का दचकायच्या, ते मला तेव्हा कळलं.

कोंबडीच्या कानात मेलेल्या रोमपेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही. माझ्या धंद्यात डेटा गेला तर बॅकअप असतो. इथे तो नाही.

अकोल्याचे माझे मामा जिनिंगमध्ये होते. सरकी काढायच्या यंत्रांच्या खडखडाटात त्यांची उमर गेली. सुटीत गेलो की म्हणायचे, "जरा मोठ्यानं बोल नं वं पोरी!" आम्हाला वाटायचं, मामांचा आवाजच मोठा. त्यांचा कान कारखान्यानं खाल्ला, हे कुणाच्या मनातही आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबल झाला की फक्त ४ तास. माझं कशानं गेलं? काही आनुवंशिक असेल, काही वीस वर्षांचे हेडफोन. नक्की कुणी सांगू शकत नाही.

बाईंनी आपल्याला सहलीला माधानला नेलं होतं, गुलाबराव महाराजांच्या गावी. जन्म १८८१ चा. वर्षाचे व्हायच्या आत दृष्टी गेली. लोकांकडून ग्रंथ वाचून घेतले, सांगून लिहवून घेतले, आणि १९१५ साली, चौतिसाव्या वर्षी गेले तेव्हा मागे शंभराहून जास्त ग्रंथ होते. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. परतीच्या एसटीत बाई म्हणाल्या होत्या, "त्यांची सगळी शाळा कानातून झाली." तेव्हा मी खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा बघत होते. आज वाटतं, त्या वाक्यात बाई स्वतःचंही काही सांगत होत्या.

डोळ्यांना चाळिशी लागली की आपण हसत सांगतो. आत्ता या सभागृहात निम्म्या नाकांवर चष्मे आहेत. कानाची चाळिशी मात्र आपण लपवतो. जगात सुमारे ४३ कोटी लोकांना ऐकण्यासाठी मदतीची गरज आहे. या हॉलमध्ये मी आणि बाई दोघीच असू, असं मला वाटत नाही. मीही दोन वर्षं यंत्र केसांत लपवलं. आज मुद्दाम केस वर बांधून आलेय. बघून घ्या.

दोन विनंत्या आहेत. घरी कुणी सारखं 'काय?' विचारत असेल तर त्याला ओरडू नका, तपासणीला न्या. बोलताना समोर या, सावकाश बोला. आणि संयोजकहो, संध्याकाळच्या गाण्यांचा आवाज जरा कमी ठेवा. मला बाईंशेजारी बसून गप्पा मारायच्या आहेत.

बाई, त्या तासांबद्दल मी तुमची माफी मागते. हे भाषण लिहून आणलंय आणि त्याची एक प्रत मोठ्या अक्षरांत काढलीय. ती तुमच्या हातात देते, म्हणजे माझा एखादा शब्द निसटला असेल तर तो तुम्हाला वाचता येईल.