गरीब कुत्रीचे स्थळ



आपल्या मराठीत ‘गरीब’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. ज्याच्यापाशी काही नाही तो गरीब. आणि ज्याच्यापासून कोणाला उपद्रव नाही तोही गरीबच. गाय गरीब आहे असे आपण म्हणतो, ते काही तिच्या मिळकतीकडे पाहून नव्हे. आज ज्या जीवाविषयी मला बोलावयाचे आहे, तो या दोन्ही अर्थांनी गरीब आहे.

ती एक गावठी कुत्री आहे. रंग तांबूस, वय, डॉक्टरांनी दातांवरून अजमावले त्याप्रमाणे, चार वर्षांच्या आसपास. एका कानाला लहानशी खाच आहे. नसबंदीची शस्त्रक्रिया पूर्वीच झाल्याची ती खूण. भर रस्त्यात एका मोटारीने तिला उडविले आणि तिचा मागचा पाय मोडला. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने तिला उचलून नेऊन पाय जुळविला. पण ती किंचित लंगडते, आणि वाहनांच्या गर्दीतून चपळाईने निसटणे तिला आता साधण्यासारखे नाही. भटक्या कुत्र्यावर शस्त्रक्रिया करून, त्याला लस टोचून, त्याच्या मूळ जागी सोडावे, असा २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांचा सर्वसाधारण दंडक आहे. परंतु हिची मूळ जागा म्हणजे पुन्हा तोच रस्ता. म्हणून कायमचे घर मिळेपर्यंत ती आमच्या पुण्याच्या घरी राहत आहे. शहरांतून या व्यवस्थेला ‘फॉस्टर’ म्हणतात. मी तिला माहेर म्हणतो. कारण जिथून पुढे नांदायला जायचे असते, ते माहेरच.

आम्ही तिचे नाव ठकी ठेवले. पहिले आठ दिवस ती त्या लाकडी बाहुलीसारखीच कपाटाच्या आडोशाला बसून होती. भुंकणे नाही, गुरगुरणे नाही, पुढे ठेवलेल्या भाकरीकडे पाहणे नाही. येणारेजाणारे म्हणत, “किती गरीब आहे हो!” पण ते गरीबपण नव्हते, ती भीती होती. कुत्रा भेदरला म्हणजे प्रत्येक वेळी पळतो किंवा चावतो असे नाही. पुष्कळदा तो गोठून जातो. तो तोंड फिरवितो, पुनःपुन्हा ओठ चाटतो, झोप आलेली नसतानाही जांभया देतो. त्याच्या निमूटपणाला शांतपणा समजून एखाद्या मुलाने गळ्याला मिठी मारली, तर अनर्थ ओढविण्याचा संभव असतो.

खरा स्वभाव कळावयास घर लागते, आणि घरात काळ जावा लागतो. निवाऱ्यात पन्नास कुत्र्यांच्या कोलाहलात पिंजऱ्यामागे बसलेला प्राणी कसा आहे, हे कोण सांगणार? ठकी तीन आठवड्यांनी उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली. दीड महिन्यानंतर एका दुपारी ती उताणी होऊन झोपली. पोट उघडे टाकून झोपणारा कुत्रा त्या जागी निर्धास्त झालेला असतो. त्यानंतर जे गरीबपण दिसू लागले, ते खरे. शेजारची मांजर तिच्या ताटलीत तोंड घालते, तेव्हा ती बाजूला सरकते. मात्र फटाक्यांचा आवाज तिला सोसत नाही. काठी टेकत येणारा माणूस दिसला की ती पलंगाखाली शिरते. आणि तीन तासांपेक्षा अधिक वेळ एकटी ठेवली तर दार ओरबाडते.

आता स्थळ पाहावयाचे म्हणजे हे सारे सांगावे लागते, आणि इथेच अडचण येते. आपल्या परंपरेने कुत्र्याला मान दिला, पण तो बहुधा पराक्रमाबद्दल. साताऱ्याजवळ संगममाहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने वाघापासून धन्याचे प्राण वाचविल्याचे सांगतात. युधिष्ठिराने ज्याच्यासाठी स्वर्ग नाकारला, तो कुत्रा तर अखेरीस साक्षात धर्म निघाला. आमची ठकी कोणाचे प्राण वाचविणार नाही, आणि अखेरपर्यंत कुत्रीच राहणार आहे. तिच्यापाशी दाखविण्यासारखे काही नाही. घर शोधावयास येणाऱ्या माणसाकडे धावत जाऊन शेपूट हलविणारे पिल्लू पहिल्या दिवशी पसंत होते. कोपऱ्यात बसून पाहणारा मोठा कुत्रा मागे राहतो.

आजवर तीन स्थळे आली. पहिले गृहस्थ शेतावरच्या बंगल्यासाठी राखण पाहत होते. ठकी भुंकत नाही हे ऐकल्यावर ते चहा अर्धा टाकून उठले, आणि मला बरेच वाटले. कारण साखळी किती हात लांब ठेवावी हेच त्यांनी आधी विचारले होते. दुसऱ्या जोडप्याला मुलाच्या वाढदिवसाला कुत्रा भेट द्यावयाचा होता. कुत्र्याला दहा-बारा वर्षांचे आयुष्य असते. आठ वर्षांचा मुलगा शिक्षणासाठी परगावी जाईल, तेव्हा भेटवस्तू म्हातारी झालेली असेल, एवढेच मी म्हणालो. ते पुन्हा आले नाहीत. तिसऱ्या एक वृद्ध बाई. ठकीचा पाय पाहून त्यांचे डोळे भरून आले. त्या चौथ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, आणि त्यांचे स्वतःचेच गुडघे त्यांना चढू देत नाहीत. “नाही” म्हणणे सर्वांत कठीण गेले ते त्यांनाच. निर्दय माणसाला नकार देणे सोपे. दयाळू माणसाला नकार देण्यासाठी कुत्र्याची बाजू घ्यावी लागते.

पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि तीतली भूतदया वाखाणतो. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. कोरड्या पोळीला तूप हवे, हे नामदेवांच्या ध्यानात आले. दया ही नुसती कळवळ्याने पुरी होत नाही. समोरच्याला नेमके काय हवे, ते पाहावे लागते. ठकीला तळमजला हवा, दिवसभर कोणीतरी घरात हवे, आणि तिच्या अंगचटीला न जाणारी माणसे हवीत. यातले एखादे दडवून स्थळ जमविले, तर महिन्याभरात ती परत येते; आणि परत आलेल्या कुत्र्याला दुसऱ्यांदा विश्वास टाकावयास पहिल्याहून अधिक दिवस लागतात.

“मग तुम्हीच का ठेवून घेत नाही?” हा प्रश्न आम्हांला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. आमच्या घरात एकाच पाहुण्याची सोय आहे. ठकी कायमची राहिली, तर तिच्यामागून येणाऱ्या सर्वांना हे दार बंद होते. आणि मागून येणारे पुष्कळ आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व परिसरातील भटके कुत्रे निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश प्रथम दिला, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला तो बदलला. त्या बदललेल्या आदेशात प्राणिप्रेमींनी महानगरपालिकेकडे अर्ज करून कुत्रे दत्तक घ्यावेत, मात्र असा कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांची राहील, असे म्हटले होते. पुढे नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणचे कुत्रे हलवून निवाऱ्यात ठेवावेत व मूळ जागी सोडू नयेत, असाही आदेश झाला. या निर्णयांविषयी मतभेद तीव्र आहेत. ज्याच्या लेकराला कुत्रा चावला, त्याची भीती खोटी नव्हे. अलर्कविषाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. पण वाद कोणत्याही बाजूने मिटो, एका कुत्र्याला एक नीट घर मिळाले की त्या कुत्र्यापुरता प्रश्न सुटतो, हे दोन्ही पक्षांना मान्य व्हावे.

आपल्यापैकी कोणाच्या मनात असा प्राणी घरी आणावयाचे असेल, तर प्रथम घरातल्या सर्वांची संमती घ्यावी. भाड्याचे घर असेल तर मालकाची संमती लेखी घ्यावी. रेबीजची लस वेळच्या वेळी टोचावी लागते, आणि गावी जाताना त्याला कोणाकडे ठेवणार, याचे उत्तर आधी हवे. पहिले काही दिवस नातलगांना पाहावयास बोलावू नये. त्याला एक कोपरा द्यावा, ठरल्या वेळी खाणे द्यावे, आणि तो आपण होऊन जवळ येईपर्यंत थांबावे. फिरावयास नेताना पट्टा घट्ट धरावा. नव्या घरातून बिचकून सुटलेल्या कुत्र्याला परतीची वाट ठाऊक नसते.

ठकीचे अद्याप ठरलेले नाही. मात्र गेल्या महिन्यापासून चौथे एक गृहस्थ रविवारी येतात. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, तळमजल्यावर पत्नीसह राहणारे. ते तिला हाका मारीत नाहीत, हात लावीत नाहीत. जमिनीवर बसून वर्तमानपत्र वाचतात. परवा चौथ्या खेपेला ठकी कपाटामागून निघाली, खोलीभर हिंडली आणि त्यांच्याकडे पाठ करून हातभर अंतरावर बसली. कुत्रा ज्याच्याकडे निश्चिंतपणे पाठ करतो, त्याला त्याने निम्मे तरी पसंत केलेले असते. गृहस्थांनी पान उलटले ते अगदी सावकाश, आवाज होऊ न देता. त्यांच्या पत्नी पुढच्या रविवारी येणार आहेत.

जमलेच, तर ठकीबरोबर तिची जुनी चादर आम्ही न धुता देणार आहोत. नव्या घरातल्या पहिल्या रात्री ओळखीचा वास तेवढाच तिच्या सोबतीला असेल. त्यानंतर महिनाभर तरी आम्ही तिला भेटावयास जाणार नाही. तिने आमची वाट पाहत बसू नये म्हणून. घर दोन दिवस सुने वाटेल. तिसऱ्या दिवशी संस्थेला दूरध्वनी करून कळवावे लागेल, की आमच्याकडे जागा आहे.