प्रतिपिंडं मेंदूवर उलटतात तेव्हा



वाळूजच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्यांनी, आणि त्यांच्या घरच्यांनीही, हे जरूर ऐकावं.

धडधाकट तरुण मुलगी…
अचानक असंबद्ध बोलू लागते.
तिची झोप उडते.
मग झटके येतात.
तोंडाच्या विचित्र हालचाली होतात.

घरात कुजबुज सुरू होते…
बाहेरचं काहीतरी लागलं!

तसं काही नसतं, मंडळी.
हा मेंदूचा आजार असू शकतो.

रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडं कधीकधी आपल्याच मेंदूवर उलटतात.
२००७ साली डॉक्टर जोसेप दाल्माऊ यांच्या गटानं असं एक प्रतिपिंड ओळखलं.
ते मेंदूतल्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टर नावाच्या प्रथिनाला चिकटतं.
काही तरुणींमध्ये या आजाराचं मूळ अंडाशयातल्या गाठीत सापडतं.

हे प्रतिपिंड ओळखायचं कसं?
रक्त तपासून…
आणि पाठीतलं पाणी तपासून.

प्रयोगशाळेत हा रिसेप्टर असलेल्या पेशींवर ते पाणी सोडतात.
प्रतिपिंड असेल, तर ते पेशींना चिकटतं.
मग चमकणारं रसायन घालतात.
सूक्ष्मदर्शकाखाली पेशी उजळलेल्या दिसतात.

नुसत्या रक्तावर कधीकधी चकवा बसतो.
एमआरआयसुद्धा अगदी स्वच्छ येऊ शकतो.
म्हणून पाठीतलं पाणी महत्त्वाचं.
ते काढायच्या सुईनं माणूस अधू होतो, ही भीती मात्र उगाचच पसरलेली आहे.

स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणं…
असे उपचार आहेत.
बरं व्हायला महिने लागतात.
पण लवकर सुरुवात झाली, तर बहुतेक रुग्ण सुधारतात.

पुन्हा सांगते…
वागणं अचानक बदललं, सोबत झटके आले, तर हा मेंदूचा आजार असू शकतो.
देवऋषाकडे दिवस घालवू नका.
रुग्णाला थेट घाटी रुग्णालयात न्या, किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.