साळुंकीची नोंद

(आपल्या प्रार्थनालयात तू बिश्वातनिमित्त झालेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून.)



निसर्गाविषयी दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी पक्षितज्ज्ञ नव्हे, निवृत्त परिचारिका आहे. परंतु या देशात दर हिवाळ्यात होणाऱ्या पक्षिगणनेत तुमच्याआमच्यासारख्या हौशी माणसांनाच बोलावणे असते. आपल्या अंगणात वा गच्चीत थोडा वेळ स्वस्थ बसावे, दिसतील ते पक्षी मोजावेत आणि आकडे कळवावेत.

पहिल्या वर्षी माझ्या गच्चीत साळुंकी उतरली आणि मन थेट रेवदंड्याच्या वाडीत गेले. तीच पिवळी चोच, तोच कलकलाट! माहेरचे माणूस भेटावे तसा आनंद झाला. मी तिला रोज पाव घालू लागले.

माझ्या खिडकीच्या त्रिसच्या पेटीत चिमण्यांचे एक जोडपे दरवर्षी घरटे करीत असे. त्या वसंतात साळुंक्यांनी त्यांना हुसकावून ती जागा बळकावली.

पुढच्या गणनेत समोर सहा साळुंक्या होत्या. चिमणी एकही नव्हती. माझा हात अडखळला. आठवड्यापूर्वी एक चिमणी दिसली होती, तीच लिहावी, असा मोह झाला. मग रुग्णालयातील तक्ता आठवला. रुग्णाचा ताप उतरावा अशी आपली कितीही इच्छा असो, पारा दाखवील तोच आकडा तक्त्यावर लिहावा लागतो. मी शून्य लिहिले.

एका गच्चीतील शून्याने काही सिद्ध होत नाही. परंतु असंख्य अंगणांतून वर्षानुवर्षे खरे आकडे आले, म्हणूनच येथे चिमणी घटत आहे आणि साळुंकी वाढत आहे, हे कळून आले. साळुंकी मूळची येथील नव्हे. पिंजऱ्यासाठी आणलेले पक्षी सुटले आणि १९९७ च्या सुमारास ती तेल अवीवच्या यार्कोन उद्यानात प्रथम आढळली. आज ती देशभर पसरली आहे. यात दोष तिचा नाही, तिला आणणाऱ्या माणसांचा आहे.

पाव घालणे मी आता बंद केले आहे. या वर्षी आपणही नातवंडांना घेऊन गणनेला बसावे, अशी माझी विनंती आहे. साळुंकी पाहून मन कोकणात गेले तर खुशाल जाऊ द्यावे; आकडा मात्र खराच लिहावा.

शालोम.